मसाज देणारे आणि घेणारे: भीड कुठे ठेवावी, कुठे सोडावी?

तगर (धागाकर्ती)

पाठदुखीच्या धाग्यावर मसाजचा विषय निघाला आणि गाडी जी घसरली ती घसरलीच. कपडे किती काढायचे, दुखलं तर बोलायचं का, थेरपिस्टशी गप्पा मारायच्या की डोळे मिटून पडायचं, असे प्रश्न बऱ्याच जणांनी बिचकत विचारले आणि उत्तरादाखल मिळाली ती नुसती थट्टा. मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे राहवेना. म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं एवढंच, की आमच्या कामात जे बिनसतं त्यातलं बरंचसं भिडेपोटी बिनसतं. दाब सहन होत नसतो, पण 'त्यांना काय वाटेल' म्हणून क्लायंट दात आवळून पडून राहतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे थेरपिस्टला विचारायचं असतं, पण समोरचा घाईत दिसतो म्हणून तीही प्रश्न गिळते. मग एकाची पाठ काळीनिळी होते आणि दुसरीचं नाव खराब होतं. दोघंही आपापल्या परीने सभ्यच वागलेले असतात!

म्हणून टेबलावर झोपण्याआधी, अंगावर कपडे असताना, समोरासमोर बसून पाच-दहा मिनिटं बोलणं झालंच पाहिजे. कुठे दुखतंय, कुठे हात लावलेला चालणार नाही, अलीकडे ऑपरेशन झालंय का, कुठली औषधं चालू आहेत. तीळ, शेंगदाणा, बदाम यांची ॲलर्जी असणाऱ्याला तेल अंगाला लागण्याआधी कळलं पाहिजे की बाटलीत काय आहे. विचारायची जबाबदारी आमची, खरं सांगायची तुमची.

आता कपडे. तुम्हाला सोयीचं वाटेल तेवढेच काढा, कोणी जास्तीचा आग्रह धरू नये. थेरपिस्ट खोलीबाहेर जाते, तुम्ही चादरीखाली झोपता, ती दार वाजवून 'येऊ का?' विचारते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. पायावर काम असेल तर एकच पाय बाहेर, आणि चादरीची कड मांडीच्या आतल्या बाजूने नेऊन खाली घट्ट खोचलेली. पालथ्याचं उताणं व्हायचं असतं तेव्हा आम्ही चादरीची अलीकडची कड आपल्या मांडीने टेबलाशी दाबून धरतो, पलीकडची हाताने वर उचलतो आणि मान फिरवतो. तुम्ही त्या आडोशात कूस बदलता. क्लायंटचा हात चादर सावरायला गेला, की समजायचं आपलं खोचणं कमी पडलं.

नखं कापलेली, अंगठ्या-घड्याळ काढलेलं, हात धुतलेले, प्रत्येकाला धुतलेली चादर, फोन खोलीबाहेर. यावर चर्चा करायची वेळ येऊ नये, पण येते.

---

कोरांटी

छान धागा, तगर. मी अजून एकदाही गेलेले नाही, कारण हास्यास्पद आहे. पायांवर केस असतील तर? पोटात गुडगुडलं तर? झोप लागून घोरले तर?

---

तगर

कोरांटी, केसांनी आम्हाला एवढाच फरक पडतो की तेल थोडं जास्त लागतं. घोरणं, पोट वाजणं, लाळ गळून टेबलाला तोंडासाठी ठेवलेल्या भोकातून खाली पडणं, वारा सरणं, हे सगळं रोजचं आहे. शरीर सैलावलं की आतडी कामाला लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंघोळ करून या. उग्र अत्तर लावू नका, बंद खोलीत तो वास पुढच्या माणसालाही सोसावा लागतो. आणि जेवल्या जेवल्या येऊ नका, भरल्या पोटावर पालथं झोपणं म्हणजे शिक्षा.

कोणाकोणाला मध्येच रडूही येतं, कारण सांगता येत नाही. अशा वेळी मी हात चटकन उचलून घेत नाही, जिथे आहे तिथे नुसता ठेवते आणि विचारते, 'थांबू की चालू ठेवू?' कारण विचारत नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐकते, सल्ला देत नाही.

---

सडेतोड

धागा चांगलाय, पण थोडं तुमच्या बाजूचंही बोलू. मी शेवटचा गेलो होतो तिथल्या बाईंनी तासभर घरमालकाशी चाललेल्या भांडणाची कथा ऐकवली. साद्यंत. मधला वकिलाचा किस्सा तर दोनदा. मी तोंड खाली घालून पडलेला, पळणार कुठे? पैसे मी दिले आणि मोकळ्या त्या झाल्या.

आणि ते आजार, औषधं विचारणारे फॉर्म आधी भरून घेणं मला पटत नाही. मालिशच करायचीय ना, स्थळ थोडंच बघायचंय?

---

खारीचा_वाटा

सडेतोड, 😂 'मधला वकिलाचा किस्सा'. सेम अनुभव, फक्त माझ्या वाट्याला मुलाचे मार्क आले होते.

---

तगर

सडेतोड, गप्पांच्या बाबतीत चूक सर्वस्वी त्यांची. गप्पा मारायच्या की नाहीत हे क्लायंटने ठरवायचं. तो बोलला तर बेताचं उत्तर द्यायचं, तो गप्प झाला की आपण गप्प. आमच्या बाजूने बोलायच्या गोष्टी दोन-तीनच: दाब ठीक आहे का, गार वाटतंय का, आता कूस बदला. स्वतःचा संसार दाराबाहेर.

पण तुम्ही तासभर ऐकून का घेतलंत? 'आज मला जरा शांत पडायचंय' एवढं म्हटलं असतंत तर कोणालाही राग येत नाही. खरं तर बरंच वाटतं, बोलून बोलून आम्हीही दमतो.

फॉर्मचं उत्तर इथल्या जाणकारांनी द्यावं.

---

सांधेजोड

देतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

सडेतोड, समजा तुम्ही 'पोटरी जाम दुखतेय, जरा रगडून द्या' म्हणून आलात. एकाच पायाची पोटरी, सुजलेली, हाताला गरम लागणारी, आणि मागच्या आठवड्यात लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन झालेलं. ही शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती रगडली आणि सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. इथे मालिश करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे प्रश्न विचारल्याशिवाय कळणार कसं?

रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याला जोराचा दाब दिला तर मोठाले डाग उमटतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेला माणूस 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहतो, कारण त्याला किती दाब पडतोय ते जाणवतच नाही. इन्सुलिनचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर ती जागा चोळायची नाही, औषध अपेक्षेपेक्षा लवकर रक्तात उतरून साखर घसरू शकते. हाडं ठिसूळ असतील तर कोपराने दाब देणं बंद. गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत फार वेळ उताणं झोपवायचं नाही, गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं. कुशीवर झोपवून, उशांचा आधार देऊन काम करायचं. कॅन्सर झालेल्यांना मसाज पूर्ण वर्ज्य असतो असं नाही, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, आणि काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स) काढलेल्या असतील तर त्या बाजूचा हात फार जपून.

ताप, संसर्गजन्य त्वचारोग, उघडी जखम असेल तर घरीच थांबा.

---

सडेतोड

शस्त्रं खाली ठेवली. फॉर्म भरेन.

---

शिरीष_फुलं

सांधेजोड यांना अनुमोदन, पण उलट बाजूही लिहा की. मालिश करणारे जे निदान करत सुटतात त्यांचं काय? 'तुमची नस दबलीय', 'मणका सरकलाय', 'पंधरा बैठकांचं पॅकेज घ्या, बसवून देतो'. माझ्या काकांना असंच घाबरवून ठेवलं होतं. त्यांचा नुसता स्नायू आखडला होता.

---

सांधेजोड

बरोबर पकडलंत. हाताला गाठ लागली, तर 'इथे कडक लागतंय' एवढंच म्हणायचा थेरपिस्टला अधिकार. मणक्याचं निदान बोटांनी होत नाही. हातापायाला मुंग्या, ताकद कमी, लघवीवर ताबा नाही असं कोणी सांगितलं तर पॅकेज विकायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं.

आणि मान कडकन वाजवून देणारे! मानेला अचानक झटका दिल्याने मेंदूकडे रक्त नेणारी धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. वारंवार घडत नाही, पण घडतं. मसाजच्या शिक्षणात हे बसत नाही. कोणी हनुवटीखाली हात घालून डोकं वळवायला लागलं, की 'नको' म्हणा. लगेच, आणि मोठ्याने.

---

हातखंडा

मीही मसाज थेरपिस्ट, पुरुष. थोडं आमचं गाऱ्हाणं ऐका.

उशीर. साठ मिनिटांची वेळ घेतलेला माणूस वीस मिनिटं उशिरा येतो आणि पूर्ण तास मागतो. पुढचा क्लायंट बाहेर बसलेला असतो. माझा नियम सरळ आहे: तुम्हाला उशीर झाला तर उरलेली चाळीस मिनिटं, पैसे पूर्ण, मला उशीर झाला तर तुमचा तास पूर्ण, मग माझं जेवण गेलं तरी चालेल. हे वेळ देतानाच सांगतो, म्हणजे नंतर तोंड वाकडं व्हायला नको.

जोर. 'अजून जोरात, अजून जोरात' म्हणणाऱ्यांना कल्पना नसते की दिवसभर अंगठ्यांनी दाब दिला तर अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजतो. आमच्यातले कित्येक जण त्यापायी धंदा सोडतात. म्हणून आम्ही पुढचा हात (कोपर ते मनगट), कोपर, शरीराचं वजन वापरतो. ते आळस म्हणून नव्हे.

तिसरं म्हणजे, बायकांना पुरुष थेरपिस्ट नको असतो. याचं मला आता काही वाटत नाही. ज्याला ज्याच्या हाताखाली मोकळं वाटेल त्याच्याकडे जावं. फक्त फोनवरच सांगा. खोलीत शिरल्यावर चेहरा पाडू नका. आणि 'तो पुरुष आहे म्हणजे असणारच तसा' हे मनातून काढा.

---

दवबिंदू

'दुखलं तरच गुण येतो' असं म्हणतात ते खरं का?

---

हातखंडा

नाही. सोसण्यापलीकडे दाब गेला की स्नायू उलट आवळून घेतो, श्वास अडकतो, पायाची बोटं वळतात. त्या स्नायूवर पुढे कितीही जोर लावा, तो सुटत नाही. मी शून्य ते दहा अशा मापात विचारतो. सहा-सातपर्यंत 'गोड दुखणं', श्वास चालू. आठच्या वर गेलं की मी थांबतो, क्लायंट 'चालू दे' म्हणाला तरी. खोल दाबानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं ठीक. डाग पडणं ही गुण आल्याची खूण नव्हे.

आणि 'शरीरातली विषं बाहेर पडतात, म्हणून भरपूर पाणी प्या' ही जाहिरातीतली भाषा आहे. व्यायामाने साचलेलं लॅक्टिक ॲसिड शरीर आपलं आपण तासा-दीड तासात निकालात काढतं, त्याला आमची गरज नाही. तहान लागली तर पाणी प्या.

---

एक_वाचक

हा प्रश्न दुसऱ्या आयडीने विचारतोय, समजून घ्या. पुरुष आहे. मसाजच्या वेळी मनात काहीही नसताना शरीराने प्रतिसाद दिला तर? या एका भीतीने मी जात नाही.

---

धूमकेतू९९

*प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)*

---

संपादक

विषय गंभीरपणे चाललाय, तसाच चालू द्या. पुढच्या वेळी प्रतिसादाबरोबर आयडीही जाईल.

---

तगर

एक_वाचक, विचारलंत हे उत्तम केलंत. शरीर सैल झालं, स्पर्श झाला, की अशी प्रतिक्रिया कधीकधी येते. तिच्यावर कोणाचा ताबा नसतो आणि तिचा अर्थही काही नसतो. शिकलेली थेरपिस्ट तिकडे लक्ष देत नाही, फार तर खांद्याकडे वळते किंवा पालथं व्हायला सांगते. माफी मागू नका, विनोद करू नका, पडून राहा. मिनिटभरात प्रश्न मिटतो.

शरीराने काय केलं याबद्दल आमची तक्रार नसते, माणूस काय करतो याबद्दल असते. चादर मुद्दाम सरकवणं, हात आमच्या बाजूला आणणं, 'बाकी काही करता का?' असं सूचक हसून विचारणं. त्यात गैरसमजाला जागा नसते.

---

हातखंडा

आणि हे पुरुष थेरपिस्टांनाही झेलावं लागतं, बायकांकडून आणि पुरुषांकडूनही. मी नवीन मुलांना शिकवतो ते असं: दोन्ही हात उचला, दोन पावलं मागे व्हा, एकच वाक्य बोला, 'मसाज इथे संपला, तुम्ही कपडे करा, मी बाहेर आहे.' वाद घालायचा नाही, समजूतही घालायची नाही. पैसे पूर्ण घ्यायचे. लगेच तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं. मालकाने अशा वेळी 'गिऱ्हाईक जुनं आहे, सांभाळून घे' म्हटलं, तर ती जागा सोडायची.

---

जुनी_पानं

थोडं अवांतर, पण इथे लागू पडेल. ही बदनामी आजची नाही. १८९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनमधल्या मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर लिहिलं आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकाही त्यात भरडल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी परिचर्येच्या क्षेत्रातल्या चार स्त्रियांनी 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस' (मसाजचं शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संस्था) स्थापन केली. सुरुवातीचे नियम कडक होते: डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही, पुरुषांना सर्वांगाचा मसाज अपवाद म्हणूनच, वैद्यकीय नियतकालिकं सोडून जाहिरात नाही, रुग्णाला औषधं विकायची नाहीत. या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ पासून तिचं नाव 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' आहे. म्हणजे सांधेजोड, तुमच्या पेशाची ब्रिटनमधली संस्था मुळात मालिशवाल्या बायकांनी अब्रू राखायला काढली होती.

---

सांधेजोड

हे आमच्यातल्या कित्येकांना माहीत नसतं. मसाजवाल्यांना नाकं मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना ही लिंक पाठवतोय.

---

निवडुंग

बराच वेळ लिहू की नको करत होते. क्लायंटच्या बाजूने विचारतेय. थेरपिस्टचा हात जिथे गेला ते बरोबर की चूक, हे आम्हाला कसं कळणार? मांडीच्या वरच्या भागावर काम चालू असताना मला विचित्र वाटलं होतं. पण 'त्यांना जास्त कळतं' म्हणून गप्प बसले. अजून ठरवता येत नाही की ते कामच होतं की काही वेगळं.

---

तगर

निवडुंग, ते काम होतं की नव्हतं हे ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नाहीच. मांडीची आतली बाजू, छातीजवळचे स्नायू, पोट, नितंब, अशा ठिकाणी जाण्याआधी थेरपिस्टने थांबून सांगायला हवं की मी इथे येणार आहे, अमुक कारणासाठी, चालेल का? आणि खरंखुरं 'हो' ऐकल्यावरच जायचं. गप्प राहणं म्हणजे होकार नाही. जननेंद्रियांना स्पर्श कुठल्याही कारणाने नाही. स्तनांवर काम फक्त तसं खास शिक्षण असेल, वैद्यकीय कारण असेल आणि आधी लेखी संमती असेल तरच. यातलं काही 'आमच्याकडे असंच करतात' म्हणून खपवलं जात असेल तर उठा.

आधी दिलेला होकारही कधीही मागे घेता येतो. 'थांबा' एवढा शब्द पुरे, कारण द्यायला नको. आवाज फुटत नसेल, तर उठून बसा आणि चादर ओढून घ्या, तेही पुरेसं आहे. नंतर आठवतंय तसं लिहून ठेवा. संचालकाकडे तक्रार करता येते, आणि हेतू वाईट होता असं वाटत असेल तर पोलिसांकडेही.

तेव्हा बोलला नाहीत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. टेबलावर पालथं, उघड्या अंगाने पडलेल्या माणसाला हुज्जत घालणं सोपं नसतं. म्हणून तर विचारायचं ओझं उभ्या असलेल्या माणसावर.

---

निवडुंग

धन्यवाद, तगर. 🙏

---

खारीचा_वाटा

थेरपिस्टशी मैत्री झाली तर? म्हणजे फेसबुकवर जोडून घेणं वगैरे. (माझ्या एका मित्रासाठी विचारतोय. खरंच मित्रासाठी.)

---

हातखंडा

मित्राला सांगा, जपून. ओळख झाली, हसून बोलणं झालं, ठीक. पण टेबलावरचं नातं बरोबरीचं नसतं. एक जण झाकलेला-उघडा पडलेला असतो, त्याच्याबद्दल दुसऱ्याला आजारपणापासून सगळं माहीत असतं, उलट बाजूने काहीच नाही. त्यात मायेने लावलेल्या हाताला लोक प्रेम समजतात. अमेरिकेतल्या थेरपिस्टांना प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या नियमांत तर स्पष्ट आहे, की उपचाराचं नातं संपल्यावर किमान सहा महिने लैंगिक संबंध नाहीत, दोघांची राजीखुशी असली तरी. माझ्या मते त्याहून जास्त थांबावं.

मी क्लायंटना सोशल मीडियावर जोडत नाही. कोण माझ्याकडे येतं हेसुद्धा बाहेर कोणाला कळायचं कारण नाही. बाजारात दिसले तर आधी ते ओळख दाखवतात का बघतो, मग हसतो.

---

शिरीष_फुलं

हे बाजारातलं आवडलं. आमच्या पार्लरवाल्या बाई भर रस्त्यात 'आता पाठ कशी आहे?' असं ओरडून विचारतात.

---

कोरांटी

सगळं वाचलं आणि धीर करून चौकशीचा फोन केला. त्यांनी आजार, औषधं, ॲलर्जी सगळं विचारलं, स्त्री थेरपिस्ट हवी का तेही. परवाची वेळ मिळालीय. फक्त सकाळपासून घसा खवखवतोय. ताप नाही. जाऊ की रद्द करू?

---

तगर

कोरांटी, आज संध्याकाळपर्यंत वाट बघा. ताप आला किंवा अंग मोडून आलं तर फोन करून वेळ पुढे ढकला. चोवीस तास आधी कळवलंत तर बहुतेक ठिकाणी काही म्हणत नाहीत. नुसतं नाक चोंदलं असेल तरी सांगा, कारण पालथं झोपल्यावर ते आणखी चोंदतं. मग सगळा वेळ कुशीवर किंवा उताणं झोपवूनही काम करता येतं. आणि संपल्यावर टेबलावरून धाडकन उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभ्या राहा. रक्तदाब थोडा उतरलेला असू शकतो, त्यामुळे कधीकधी गरगरतं.